होम्सच्या हातातलं घड्याळ

डॉ. वॉटसन खिशातून एक घड्याळ काढून शेरलॉक होम्सच्या हातात ठेवतो. मनात थोडी खोडी असते. रोजच्या वापरातल्या वस्तूवर माणसाची छाप उमटल्याशिवाय राहत नाही, असं होम्स नुकतंच म्हणालेला असतो. त्याची जरा जिरवावी म्हणून ही परीक्षा. होम्स घड्याळ हातावर तोलतो, तबकडी निरखतो, मागचं झाकण उघडून आतलं यंत्र आधी नुसत्या डोळ्यांनी आणि मग भिंगातून पाहतो. घड्याळ अलीकडेच साफ केलंय, त्यामुळे हाती फारसं लागत नाही, अशी कुरकुरही करतो. मग छताकडे नजर लावून सांगू लागतो. हे तुझ्या थोरल्या भावाचं, त्याला वडिलांकडून आलेलं. भाऊ गबाळा होता. चांगली संधी असून त्यानं मातीत घातली, बराच काळ हलाखीत काढला, मधूनच हातात चार पैसे खेळायचे, शेवटी दारूच्या नादी लागला आणि गेला.

वॉटसन ताडकन उठतो आणि चिडून लंगडत खोलीत येरझारा घालू लागतो. आपल्या घरच्या दुःखाची यानं गुपचूप चौकशी केली आणि आता चमत्काराचा आव आणतोय, असं त्याला वाटतं. होम्स माफी मागतो. त्याच्यापुढे ते फक्त एक कोडं होतं. ते मित्राच्या घरचं आहे आणि त्याला लागेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

1890 सालच्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीतला हा प्रसंग. कथेतल्या माणसाचा स्वभावप्रकार ‘कॉग्निटिव्ह फंक्शन्स’वरून कसा ओळखायचा, हे शिकायला याहून सोयीचं पान मला सापडलेलं नाही. होम्स काय पाहतो, पाहिलेलं कसं जुळवतो आणि कुठे ठेचकाळतो, हे तिन्ही एकाच बैठकीत दिसतं.

आठ वाटा

या पद्धतीचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ या जर्मन ग्रंथात आहे. युंग यांनी मनाची चार कार्यं मानली. संवेदन आणि अंतर्ज्ञान ही माहिती आत घेणारी, विचार आणि भाव ही घेतलेल्या माहितीवर निवाडा करणारी. प्रत्येक कार्याचं तोंड बाहेर असू शकतं किंवा आत, म्हणून चार दुणे आठ. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1923 मध्ये आला. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज यांनी तो वाचला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बनवायला घेतली. तीच आजची ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणी, चार अक्षरांचे 16 प्रकार सांगणारी. या इझाबेलबाईंनी त्याआधी रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवलं होतं. म्हणजे गुप्तहेराच्या मनाची चिरफाड करण्यात आपण काही आगाऊपणा करतोय असं समजायला नको.

नावं जड वाटतात, म्हणून आपण आंब्याच्या गाडीपाशी जाऊ.

आठ जण उभे आहेत. पहिला आंबा हातात घेतो, देठाशी हुंगतो, बोटानं अलगद दाबतो. आत्ता, इथे, हातात काय आहे ते त्याला दिसतं. हे बहिर्मुख संवेदन, बोलीत ‘एसई’. दुसऱ्याला त्याच वासानं आजोळची अढी आठवते आणि ‘तेव्हाच्यासारखा नाही’ असं तो पुटपुटतो. हे अंतर्मुख संवेदन, ‘एसआय’. तिसऱ्याला आमरस, साटं, मोरांबा, शिवाय कोयींची रोपं करून विकली तर, असे चार फाटे एकदम फुटतात. हे बहिर्मुख अंतर्ज्ञान, ‘एनई’. चौथा नुसता बघत उभा राहतो आणि म्हणतो, ‘यंदाचा मोसम लवकर आटपणार.’ कशावरून, ते त्याला पटकन सांगता येत नाही. हे अंतर्मुख अंतर्ज्ञान, ‘एनआय’.

आता निवाडा करणारे चौघे. पाचवा विचारतो, डझनाचा भाव काय आणि पेटी घेतली तर नग केवढ्याला पडतो? हा बहिर्मुख विचार, ‘टीई’. बाहेर मोजता येईल असा निकष त्याला लागतो. सहावा अडतो ते शब्दावर. कर्नाटकातून आलेल्या आंब्याला हापूस म्हणायचं का? हापूस म्हणजे झाड, माती की चव? हा अंतर्मुख विचार, ‘टीआय’. आतली संगती जुळल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडत नाही. सातवीच्या डोक्यात घरातली माणसं, पाहुणे आणि शेजारच्या काकूंकडे पाठवायच्या दोन फोडी असतात. हा बहिर्मुख भाव, ‘एफई’. आठवी शांतपणे पायरी उचलते. सगळं जग हापूसच्या मागे असलं तरी तिला पायरी आवडतो, आणि तेवढं पुरेसं असतं. हा अंतर्मुख भाव, ‘एफआय’.

आठही वाटा प्रत्येकाच्या मनात थोड्याफार असतात. पण एक जण घरातला कर्ता असतो, दुसरा त्याच्या हाताखालचा, तिसरं धाकटं पोर आणि चौथं कायम मागे राहिलेलं, अंधारात चाचपडणारं. हा चौघांचा क्रम म्हणजे ‘स्टॅक’. युंग यांनी मुख्य आणि दुबळ्या कार्याची मांडणी केली, क्रमाचे काटेकोर नियम पुढच्या अभ्यासकांनी घडवले. कर्ता आत पाहणारा असेल तर जोडीदार बाहेर पाहणारा हवा. कर्ता निवाडा करणारा असेल तर जोडीदार माहिती आणणारा हवा. आणि चौथा नेहमी कर्त्याच्या बरोब्बर उलट. कर्ता ‘टीआय’ असेल तर शेवटी ‘एफई’ येणारच. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, होम्सच्या बाबतीत तोच कामाला येतो.

आधी पुरावे, मग अक्षरं

नवशिके उलटं करतात. होम्स एकलकोंडा, म्हणून ‘आय’. हुशार, म्हणून ‘एन’. कोरडा, म्हणून ‘टी’. आणि मिनिटभरात निकाल. पण एकच काम वेगवेगळ्या वाटांनी होऊ शकतं. पु. ल. देशपांड्यांचा नारायण आठवा, ‘व्यक्ती आणि वल्ली’तला. कुणाच्याही घरी लग्न निघालं की हा राबायला हजर. कामाचा उरक पाहून कुणीही त्याला ‘टीई’ म्हणेल. पण नारायणाला कामाचा हिशोब हवाय की मांडवातल्या प्रत्येकाचं मन राखायचंय? उत्तर दुसरं असेल तर ते ‘एफई’. काम तेच, वाट निराळी. म्हणून माणूस काय करतो याच्यापाशी न थांबता तिथवर कसा पोचतो, ते विचारायचं.

पुरावे गोळा करताना मी तीन प्रश्न वहीत लिहून ठेवतो. कुणी सांगितलेलं नसताना, रिकामपणी हा माणूस काय करतो? कोडं पुढ्यात आलं की पहिलं पाऊल कुठे टाकतो? आणि कुठल्या प्रसंगी त्याची भंबेरी उडते? पहिल्यातून कर्ता सापडतो, दुसऱ्यातून जोडीदार, तिसऱ्यातून चौथा.

आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सवर 4 कादंबऱ्या आणि 56 कथा लिहिल्या. भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे कित्येक मराठी घरांत होम्स ओळखीचा आहे. मालिका-चित्रपटांतले होम्स मात्र बाजूला ठेवू. तिथे लेखक वेगळा, नट वेगळा, म्हणून माणूसही वेगळा. पात्र एकदा ठरवलं की पुराव्याची हद्दही ठरते.

पहिली टिपणं

1887 च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये होम्स पहिल्यांदा भेटतो तो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. बोटं आम्लांनी डागाळलेली, जागोजागी चिकटपट्ट्या. रक्त ओळखणारं नवं रसायन सापडलं म्हणून लहान मुलासारखा आनंदलेला. मृत्यूनंतर शरीरावर वळ उठतात का हे पाहण्यासाठी तो शवांना काठीनं बडवतो, असंही कळतं. ज्ञान पुस्तकातून न घेता हातानं करून पाहायचं, ही त्याची खोड. बहिर्मुख संवेदनाच्या खात्यात पहिली नोंद.

त्याच कादंबरीत वॉटसन त्याच्या ज्ञानाची यादी करतो. रसायनशास्त्रात पारंगत, खगोलशास्त्रात शून्य. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही याला ठाऊक नाही! होम्सचं म्हणणं असं, की डोकं म्हणजे माळा; कामाची हत्यारं तेवढी ठेवायची, बाकीचं काढून टाकायचं. कशाला जागा द्यायची हे जगाच्या रूढीनं ठरत नाही, त्याच्या आतल्या चौकटीत काय बसतं त्यावर ठरतं. अंतर्मुख विचाराची नोंद.

रिकामपणी तो काय करतो? ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’मध्ये खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवर पिस्तुलाच्या गोळ्यांनी राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं कोरतो. काम नसलं की कोकेनची सुई. नुसत्या कल्पनांत रमणाऱ्या माणसाला रिकामा दिवस म्हणजे पर्वणी. होम्सला तो खायला उठतो.

तीन दावेदार

वाचक होम्सला तीन प्रकारांत ओढतात. आयएनटीजे, आयएनटीपी आणि आयएसटीपी. तिन्ही एकेक करून तपासू.

आयएनटीजेचा क्रम असा: एनआय, टीई, एफआय, एसई. त्याच्या बाजूनं पुरावा चांगला आहे. वॉटसनला पाहताक्षणी ‘तुम्ही अफगाणिस्तानातून आलात’ हे होम्सला कळतं. विचार इतक्या वेगानं धावला की मधल्या पायऱ्या जाणवल्याच नाहीत, अशी कबुलीही तो देतो. ही झेप ‘एनआय’सारखी दिसते. पण लगेच तो पायऱ्या उलगडून दाखवतो. डॉक्टरी वळण, लष्करी ऐट, उन्हानं रापलेला चेहरा पण मनगटं गोरी, अवघडलेला डावा हात. शिवाय ‘एनआय’ एका चित्राकडे आकसत जातं. ‘द कॉपर बीचेस’मध्ये होम्स सगळ्या माहितीत बसणारी 7 वेगवेगळी स्पष्टीकरणं तयार ठेवून पुढच्या पुराव्याची वाट पाहतो. आणि शेवटची कसोटी म्हणजे चौथं कार्य. आयएनटीजेचं ‘एसई’ कच्चं असायला हवं. होम्स मुष्टियोद्धा आहे, तलवारबाज आहे, वेषांतरात पटाईत आहे. ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये डॉ. रॉयलॉट लोखंडी सळई वाकवून धमकी देऊन जातो, तर हा ती उचलून सरळ करून ठेवतो. शरीर आणि भोवताल यांच्याशी ज्याचं बिनसलेलं आहे, असा हा माणूस नव्हे. हा दावा फेटाळू.

आयएनटीपी: टीआय, एनई, एसआय, एफई. कर्ता बरोबर वाटतो, भांडण जोडीदाराचं आहे. त्या 7 स्पष्टीकरणांत ‘एनई’ डोकावतं, हे मान्य केलंच पाहिजे. इथे डॉयल यांनी आपली सोय करून ठेवली आहे: होम्सला एक थोरला भाऊ आहे, मायक्रॉफ्ट. 1893 च्या ‘द ग्रीक इंटरप्रिटर’मध्ये दोघे क्लबच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या एका माणसाचा माग काढतात. जुना शिपाई, नुकताच सेवेतून सुटलेला, हिंदुस्थानात होता, तोफखान्यातला, विधुर. होम्स म्हणतो, एक मूल आहे. मायक्रॉफ्ट दुरुस्ती करतो, ‘मूल नव्हे, मुलं!’ निरीक्षणात आणि तर्कात भाऊ आपल्याहून सरस, हे होम्स स्वतः सांगतो. पण मायक्रॉफ्ट खुर्ची सोडून पडताळा घ्यायला जाणार नाही. त्याला उत्तर सापडलं की विषय संपला. होम्सला मात्र गुडघ्यांवर रांगत, भिंग लावून, चिखलातली खूण बघावीच लागते. तर्काची घडण एकच, पण एकाचा जोडीदार डोक्यात फिरतो आणि दुसऱ्याचा पायानं. दोन भाऊ शेजारी उभे केले की ‘एनई’ आणि ‘एसई’तला फरक व्याख्येशिवाय कळतो.

उरला आयएसटीपी: टीआय, एसई, एनआय, एफई. अफगाणिस्तानची झेप इथे तिसऱ्या जागेवर बसते, अधूनमधून चमकून जाणारी, कर्त्याच्या तपासणीतून सुटका नसलेली.

घड्याळ पुन्हा उघडू

आता पहिल्या प्रसंगाकडे परत. होम्सनं भावाचं आयुष्य वाचलं कशावरून? झाकणाच्या आत टाचणीनं कोरलेले आकडे होते. इंग्लंडमधले सावकार गहाण घड्याळावर असे क्रमांक घालत. असे 4 क्रमांक होते, म्हणजे घड्याळ 4 वेळा गहाण पडलं आणि 4 वेळा सोडवलंही. हलाखी आणि मधूनच हाती आलेले चार पैसे, ते हे. बाहेरच्या बाजूला नाणी आणि किल्ल्यांचे ओरखडे होते. 50 गिनींचं घड्याळ खिशात असं वागवणारा माणूस गबाळाच असणार. चावीच्या भोकाभोवती हजारो चरे होते. रात्री किल्ली देताना हात थरथरत असेल तरच असे चरे पडतात.

डोळ्यांनी टिपलं ते ‘एसई’. प्रत्येक खुणेला कारण लावून साखळी ओवली ती ‘टीआय’. आपण अंदाज ठोकत नाही, शक्यतांचं पारडं तोलतो, हा त्याचा हट्ट. आणि साखळीचं शेवटचं टोक समोर बसलेल्या जिवंत माणसाच्या काळजात घुसतंय हे त्याला दिसलं नाही, ती ‘एफई’ची रिकामी जागा. दुष्टपणा नव्हे. माफी तो मनापासून मागतो, पण घाव झाल्यावर.

दुबळं कार्य नसतं असं नाही. ते एरवी झोपलेलं असतं आणि उठलं की माणूस गांगरतो. 1904 च्या ‘द सिक्स नेपोलियन्स’मध्ये इन्स्पेक्टर लेस्ट्रेड सांगतो, की स्कॉटलंड यार्डातल्या आम्हा सगळ्यांना तुमचा अभिमान आहे. होम्स आभार मानतो आणि तोंड फिरवतो. इतका हललेला तो आपण कधीच पाहिला नव्हता, असं वॉटसन नोंदवतो. मग लगेच होम्स दुसऱ्या एका प्रकरणाचे कागद काढायला सांगतो. कौतुकाचं काय करायचं हे न कळून कामाच्या आड लपणारी माणसं आपल्याही घरात असतात.

माझा कौल म्हणून आयएसटीपीला. तरी एक धागा लोंबकळतो. ‘द ब्लू कार्बंकल’मध्ये आणि ‘द ॲबी ग्रेंज’मध्ये होम्स गुन्हेगाराला परस्पर सोडून देतो. ही कायद्याहून वेगळी अशी त्याची स्वतःची तर्कसंगती, की खोलवरचा ‘एफआय’? आयएनटीजेवाले इथे बोट ठेवतात, आणि त्यांचा मुद्दा मला पुरता खोडता येत नाही. जे बसत नाही ते लपवायचं नाही. घड्याळ साफ केलंय ही कुरकुर होम्सनं सुद्धा लपवली नव्हती.

किती विश्वास ठेवायचा

विद्यापीठीय मानसशास्त्र या 16 प्रकारांकडे साशंकतेनं पाहतं. माणसं अशा कप्प्यांत विभागलेली नसतात, बहुतेक जण दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. आणखी एक सापळा बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं 1949 च्या निबंधात दाखवला. त्यानं वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘तुझं’ म्हणून एकच स्वभाववर्णन दिलं आणि बहुतेकांना ते आपलंच वाटलं. म्हणून खऱ्या माणसाची नोकरी किंवा लग्न या अक्षरांवर ठरवू नये.

कथेतल्या माणसाचं नुकसान होत नाही, ही मोठी सोय. इथे पद्धतीचा उपयोग वाचनाला होतो. ‘एफई’ कुठे आहे हे शोधायला निघालो नसतो, तर लेस्ट्रेडच्या त्या वाक्यावरून माझी नजर घसरून गेली असती.

वहीतला शेवटचा प्रश्न म्हणून मी एक भर घातली आहे: हे सगळं आपल्याला सांगतंय कोण? 60 पैकी 56 गोष्टी वॉटसनच्या तोंडून येतात. मित्राच्या चेहऱ्यावरची छटा टिपणारा, जुन्या आठवणी जपणारा हा डॉक्टर. होम्सच्या भावना आपल्याला दिसतात त्या याच्या डोळ्यांनी. 1926 मध्ये आलेल्या दोनच कथा होम्स स्वतः सांगतो. त्यांतल्या ‘द लायन्स मेन’मध्ये तो आपल्या मनाला अडगळीची खोली म्हणतो, नाना गाठोड्यांनी खच्चून भरलेली, आत काय आहे हे त्यालाही पुरतं न ठाऊक असलेली. आणि कोडं सुटतं ते अशाच एका गाठोड्यातून, कधीकाळी वाचलेल्या पुस्तकातल्या आठवणीतून. निवडक हत्यारांचा तो नीटनेटका माळा गेला कुठे? आयएनटीपीवाल्यांनी हे पान जरूर उघडावं.

दुसरी कथा ‘द ब्लँच्ड सोल्जर’. तिथे लेखणी हातात घेतल्यावर होम्सला कबूल करावं लागतं, की वाचकाला धरून ठेवायचं तर गोष्ट वॉटसनसारखीच सांगावी लागते. घड्याळाची गोष्ट होम्सनं लिहिली असती, तर चावीच्या भोकाभोवतीचे चरे त्यानं एकूणएक मोजून दिले असते. वॉटसन लंगडत येरझारा घालू लागला ही ओळ तिथे आली असती का, याची मला शंका आहे. आणि होम्सच्या दुबळ्या बाजूचा आपल्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा नेमका त्याच ओळीत आहे.